बडोद्याविरुद्धची ती एक चढाई

लालबागच्या निमंत्रित सामन्यांत आमचा संघ अंतिम सामना हरला तो माझ्या तोंडामुळे. पाय चुकले नव्हते, हात चुकले नव्हते, दमसुद्धा शेवटपर्यंत टिकला होता. तोंड तेवढं चुकलं. चढाईत 'कबड्डी, कबड्डी' म्हणत जायचं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ऐन मोक्याला म्हटलं, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' तेही एकदा नाही. चारदा.

हसा, हसा. आमच्या घरात तीन पिढ्या हसून झाल्या आहेत, तुम्ही कशाला मागे राहता?

परवा नात टीव्हीसमोर बसली होती. बायकांचं फुटबॉल चाललं होतं. म्हणाली, "आजी, ही स्पर्धा दरवर्षी असते. एक देश यजमान असतो आणि तो बाकीच्या देशांच्या बायकांना बोलावतो. आमंत्रण आल्याशिवाय कुणी जायचं नाही." मी म्हटलं, "म्हणजे आमचं लालबागच की!" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू म्हातारीची गोळी घ्यायची राहिली आहे. पण खरंच तसंच होतं. आमच्याकडे देशांच्या जागी प्रांत होते आणि हिरवळीच्या जागी लालबागची माती होती, एवढाच काय तो फरक.

द्विभाषिक राज्याचे दिवस होते. मुंबई, गुजरात, विदर्भ, मराठवाडा सगळं एका दावणीला बांधून ठेवलेलं आणि ते कुणालाच नको होतं. त्या दिवसांत लालबागचं एक मंडळ दर थंडीत बायकांचे कबड्डीचे सामने भरवायचं. नागपूर, बेळगाव, इंदूर, बडोदा अशा ठिकाणच्या संघांना पत्रं जायची. पत्राच्या कोपऱ्याला कुंकू लावलेलं, पाकिटात चार अक्षता. मुंबईतल्या संघांकडे मंडळाचे दोघे जण नारळ घेऊन जातीने यायचे. लग्नाला एक वेळ नाही गेलं तर चालेल, पण या आवतणाला 'नाही' म्हणायची पद्धत नव्हती.

आणखी एक पद्धत होती, ती फार गमतीची. बाहेरगावच्या मुलींना मंडळ धर्मशाळेत उतरवत नसे. मुंबईच्या खेळाडूंनी आपापल्या घरी त्यांना ठेवून घ्यायचं. म्हणजे सकाळी जिला आपल्या आईने तूपसाखर-पोळी वाढली, तिचीच संध्याकाळी तंगडी धरायची. त्या वर्षी आमच्या दादरच्या दोन खोल्यांत बडोद्याची कॅप्टन उतरली. चांगली थोराड गुजराती मुलगी, पण बडोद्यात शेजार मराठी, त्यामुळे मराठी फाडफाड बोलायची. पहिल्याच दिवशी आईला 'मासी' म्हणून तिने घर जिंकलं. आमटीत चिमूटभर साखर जास्त पडायला लागली. बाबा तिच्यासाठी कचेरीतून येताना केळी आणायला लागले. मला अठरा वर्षांत त्यांनी कधी विचारून केळी आणली नव्हती.

बाबांचं सांगायला हवं. ते सरकारी कचेरीत कारकून. आवाज इतका हळू की शेजारच्या खोलीतल्यांना वाटायचं आमच्या घरात फक्त आई राहते. घोषणांची त्यांना धडकी. "घरात त्या घोषणा नकोत," ते म्हणायचे. "नोकरी सरकारी आहे. गॅलरीतून आवाज खाली जातो, खालून कचेरीत जातो." खेळाला त्यांचा विरोध नव्हता, पण मुदत होती. मी मॅट्रिक झाले होते. शीवची मंडळी मला पाहायला येणार होती. बाबांनी माझ्याशी करार करून टाकला होता.

"हे बघ," ते म्हणाले होते, "अंतिम सामन्याला मुंबईच्या संघाची निवड करणारे येतात ना? तुझी निवड झाली तर मी त्या मंडळींना आणखी एक वर्ष थांबायला सांगतो. नाही झाली तर पुढच्या रविवारी ते येतील, कांदेपोहे होतील आणि हे मातीत लोळणं बंद. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मला काय, मी स्वतःला त्या वेळी मुंबईची मालकीण समजत होते. माझी निवड होणार नाही तर कुणाची होणार? आरशात बघून मी केस असे मागे घ्यायची जणू उद्या माझा फोटो छापायचा आहे. बरं, होते कशी? काडीला वेणी घातलेली.

पण एक मान्य करावं लागेल, दम माझा दांडगा होता. तो कुठून आला हे बाबांना ठाऊक नव्हतं. त्यांना सांगितलेलं होतं की सराव पहाटे साडेपाचला असतो. सराव असायचा साडेसहाला. मधला तास मी प्रभातफेरीत असायची. दादरच्या गल्ल्यांतून आम्ही फिरायचो, आणि आवाज माझा फाटका असल्यामुळे घोषणा द्यायचं काम माझ्याकडे. मी म्हणायचं 'संयुक्त महाराष्ट्र', बाकीच्यांनी म्हणायचं 'झालाच पाहिजे'. कधी मागचे पेंगत असले की दोन्ही अर्धी मीच म्हणायची. तासभर असं बोंबलल्यावर चढाईतला दम म्हणजे काय, पोरखेळ.

इथे एक खेळातली गोष्ट सांगते, नाही तर पुढचं कळायचं नाही. आम्ही लहानपणापासून खेळत आलो ते हुतुतू. चढाईला जाताना 'हुतुतू, हुतुतू' म्हणायचं. पण निमंत्रितांच्या सामन्यांत दहा गावचे संघ, दहा गावचे शब्द, म्हणून मंडळाने नियम केला होता की सगळ्यांनी 'कबड्डी' म्हणायचं. दुसरा कुठलाही शब्द आला की चढाई करणारी बाद, आणि समोरच्यांना गुण.

आमची कॅप्टन परळच्या गिरणी कामगाराची लेक, मालवणी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला एकच धास्ती होती, की कुणाच्या तरी तोंडून सवयीने 'हुतुतू' निघणार. महिनाभर तिने आमचा जीव खाल्ला. सरावात कुणी 'हुतुतू' म्हटलं की मैदानाला पाच फेऱ्या. मला तर ती रस्त्यात भेटली तरी दटावायची, "गो, काय म्हणशीत?" मी म्हणायची, "कबड्डी." "आणि काय म्हणूचा नाय?" "हुतुतू." "शाबास."

त्या बाईने सगळी दारं बंद केली. एक खिडकी राहिली ती तिलाही माहीत नव्हती आणि मलाही.

खिडकी अशी. घरी सराव करायचा तर जागा आमच्या चाळीच्या गॅलरीची. दोन पावलं पुढे, एक आडवं, मागे गिरकी. पावलांना ताल लागतो. 'कबड्डी'चा ताल मला काही केल्या बसेना. 'सं-युक्त' वर उजवा, 'महा-राष्ट्र' वर डावा, 'झालाच' ला गिरकी, 'पाहिजे' ला मागे, असं मात्र झक्क बसायचं. घरात घोषणा द्यायला बंदी, म्हणून मी ती ओठातल्या ओठात पुटपुटत गॅलरी पालथी घालायची. रोज सकाळ-संध्याकाळ. माझी हुशारी बघा, मला वाटत होतं मी बाबांची आज्ञाही पाळते आहे आणि देशकार्यही करते आहे.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. बडोदा विरुद्ध आम्ही. सकाळी आईने आम्हां दोघींना एकाच ताटात थालीपीठ वाढलं. बडोदेकरीण म्हणाली, "मासी, आज हिला कमी वाढा, मला उचलून टाकायची आहे." आई म्हणाली, "उचल गं बाई, पण पुढच्या रविवारी तिला पाहायला यायचेत, तोंडावर खरचटू देऊ नकोस." मला हसू आलं नाही. बाबा दाढी करत होते. मी विचारलं, "तुम्ही येणार?" ते आरशातच म्हणाले, "बघू. कपडे इस्त्रीला टाकायचेत."

लालबागला मैदानाभोवती माणसं मावेनात, चाळींच्या गॅलऱ्याही भरल्या होत्या. पाणी मारून माती दाबलेली, फक्कीच्या पांढऱ्या रेघा ताज्या. एका बाजूला मांडवात तीन खुर्च्या, त्यांत निवड करणारे दोन पुरुष आणि एक बाई. बाईच्या हातात वही. पंच म्हणून एक शाळामास्तर होते, धोतर, कोट, गळ्यात शिट्टी. हे मास्तर संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले आहेत हे सगळ्या लालबागला ठाऊक होतं. ते लक्षात ठेवा.

सामना रंगला. मी पहिल्या डावात तिघींना बाद केलं आणि दर वेळी मांडवाकडे चोरून पाहिलं की वहीत लिहिलं जातंय का. लिहिलं जात होतं. बडोदेकरणीने आमच्या दोघींना असं धरलं की त्या उठताना आईचं नाव घेत होत्या. शेवटी गुण बरोबरीत आले, वेळ संपत आली, आणि शेवटची चढाई माझी.

कॅप्टन माझ्या कानाशी आली. "काय म्हणशीत?"

"कबड्डी."

"आणि?"

"हुतुतू नाही."

"जा."

गेले. 'कबड्डी, कबड्डी, कबड्डी.' अगदी खणखणीत. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला पायाने शिवले. मागे फिरताना दुसरीच्या दंडाला हात लागला. दोन गुण! आता फक्त मध्यरेषा ओलांडायची. आणि तेवढ्यात माझा घोटा धरला गेला. सकाळी माझ्या ताटातलं थालीपीठ खाल्लेल्या हातांनी धरला. मी पालथी पडले. रेषा चार हात लांब. ती मागून ओढतेय, मी मातीत नखं रोवून पुढे सरकतेय, आणि तोंड चालू ठेवायचं आहे, तोंड थांबलं की संपलं. त्या क्षणी माझं डोकं माझ्याकडे नव्हतं. तोंडाने आपलं आपण ठरवलं. जे रोज पहाटे दमाला पुरायचं, तेच त्याने बाहेर काढलं.

"संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे! संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!"

एकेका घोषणेला मी एकेक हात पुढे. चौथ्याला बोटं रेषेपलीकडे टेकली. मला कळलंच नव्हतं मी काय म्हणतेय. कळलं ते लोकांमुळे. तिसऱ्या वेळेला सगळं मैदान, सगळ्या गॅलऱ्या, शेंगदाणे विकणारासुद्धा, एका आवाजात म्हणाले, "झालाच पाहिजे!" माणसं टोप्या उडवत होती. मी मातीत पडल्यापडल्या दोन्ही हात वर केले. जिंकलो!

शिट्टी वाजली. मास्तर चालत माझ्यापाशी आले, वाकले, आणि बाद म्हणून बोट दाखवलं.

"पण मास्तर, मी रेषा ओलांडली! दमही गेला नाही!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "मुली, मागणी अगदी रास्त आहे. चढाई मात्र बाद."

मग जो गोंधळ झाला! "अहो मास्तर, तुम्हीसुद्धा?" "तुरुंगात कशाला गेला होतात मग?" गॅलरीतून एक आजीबाई ओरडल्या, "पोरीने काय वाईट म्हटलं हो?" मास्तरांनी हात वर केला. "आत्ता इथे मोर्चा असता तर मी हिच्या मागे चाललो असतो. इथे सामना आहे. पाहुण्या मुली आपल्या आमंत्रणावरून आल्या आहेत. त्यांना बोलावून नियम बदलायचा का? सांगा!" मग मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर आहे, द्या गुण बडोद्याला." आणि तेच लोक बडोद्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. लालबाग ते लालबाग.

कॅप्टन माझ्यासमोर उभी राहिली. तिला राग येत होता आणि हसू येत होतं, आणि दोन्ही एकदम जमत नव्हतं. "बाये माझे! मी तुका हुतुतू म्हणू नको म्हणान सांगितलंय. ह्या खंयसून इला तुझ्या तोंडात?"

बडोदेकरणीने मला हाताला धरून उठवलं, कपड्यावरची माती झटकली. "रोज सकाळी गॅलरीत तू हेच पुटपुटत होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं स्तोत्र म्हणतेस. मासीला म्हटलंसुद्धा, किती भाविक मुलगी आहे." मग तिने आपल्या संघाकडे वळून हात वर केला आणि सगळ्या बडोदेकरणी ओरडल्या, "महागुजरात!" लालबागने त्यालाही टाळ्या दिल्या. द्विभाषिक दोघांनाही नको होतं ना.

बक्षिसं झाली. ढाल बडोद्याला. मग वहीवाल्या बाईंनी मुंबईच्या संघाची नावं वाचली. आमच्या कॅप्टनचं नाव आलं. आमच्यातल्या आणखी एकीचं आलं. माझं आलं नाही. बाई खाली उतरल्यावर माझ्याजवळ थांबल्या आणि म्हणाल्या, "खेळ उत्तम आहे तुझा. पण परगावी जाऊन तू काय म्हणशील याची खात्री कोण देणार?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. मलासुद्धा खात्री नव्हती.

तेव्हा मला बाबा दिसले. गर्दीच्या पार मागे, बाहेर पडायच्या वाटेवर, टोपी हातात घेऊन उभे. कपडे इस्त्रीचे, पण चुरगळलेले. म्हणजे आले होते. म्हणजे पाहिलं होतं. मुदत संपली, निवड नाही, वर घोषणा, तीही सगळ्या लालबागसमोर. त्यांनी नुसती मान हलवून 'चला' अशी खूण केली.

ट्रामने आम्ही तिघं दादरला निघालो. बाबा, मी, आणि मांडीवर ढाल घेतलेली बडोद्याची कॅप्टन, कारण ती आमच्याचकडे उतरली होती. बाबा अक्षर बोलले नाहीत. कंडक्टरने विचारलं तर तीन बोटं दाखवली. मी म्हटलं, "बाबा, चुकून निघालं." त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. एरवी चिडले तरी दोन शब्द बोलायचे. इतके गप्प मी त्यांना कधी पाहिले नव्हते. बडोदेकरीण माझ्या कानात कुजबुजली, "तारा बापुजी गुस्सामां छे?" बाबा रागावलेत का, म्हणून. मी मान डोलावली. आणि मनातल्या मनात शीवच्या मंडळींसमोर पोह्यांची बशी धरून उभी राहिले.

दार उघडताच आईने ढाल पाहिली. "अगंबाई! जिंकलात?" मग ढाल कुणाच्या हातात आहे ते पाहिलं. "म्हणजे हरलात." मग माझं तोंड पाहिलं, आणि बाबांचं. "अहो, झालं तरी काय? बोला ना काहीतरी."

बाबांनी गळ्याला हात लावला आणि पाण्याची खूण केली. "गरम?" आईने विचारलं. त्यांनी चिमटीने मीठ दाखवलं.

"मासी, आत्ता कळलं! काका रागावले नाहीत, त्यांचा घसा गेलाय," बडोदेकरीण म्हणाली. "मी हिचा पाय धरून पडले होते ना, माझं तोंड लोकांकडेच होतं. काका मागच्या बाकावर चढले होते. टोपी अशी गरगर फिरवत होते. सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. मला वाटलं आता बाकावरून पडतात."

आईच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "तुम्ही? ओरडत होतात?"

बाबांनी मान खाली घातली. लहान मूल पकडलं जावं तसे लाजले. मोरीत जाऊन त्यांनी दोन गुळण्या केल्या, टॉवेलने तोंड पुसलं, खाकरले. आवाज काही फुटला नाही, नुसती हवा आल्यासारखा होता. आम्ही तिघी पुढे वाकून ऐकायला लागलो. माझ्याकडे बघत ते म्हणाले,

"शीवच्या मंडळींना उद्या पत्र टाकतो, मुलीला सराव आहे म्हणून. आणि पुढच्या वर्षी मी तासभर आधी जाऊन पुढे बसणार. मागून मध्यरेषा दिसत नाही."